एक तुटक रेषा

सेवानिवृत्त माणसाने रोज फिरावयास जावे, हा सल्ला देण्यास वैद्य लागत नाही; तो शेजारीपाजारीही देतात. केलगेरीस राहावयास आल्यापासून आम्हीही तलावाच्या काठाने नेमाने फिरत असतो. तेथे भेटणारी मंडळी ठरलेली आणि त्यांचे विषयही ठरलेले: निवृत्तिवेतनातील फरक, परदेशी गेलेली मुले आणि रक्तातील साखर. या तिन्ही विषयांत आम्ही कोणास हार जाणार नाही. परंतु आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, आम्ही उभयता तलावाकडे न वळता गोव्याच्या रस्त्यावरील थांब्यावर जाऊन उभे राहतो. पिशवीत कडक भाकरी, शेंगांची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि छत्री. त्या दिवशी चढावयाचा डोंगर आदल्या रात्रीच ठरलेला असतो.

स्कूटर २०१९ साली निवृत्तीबरोबरच विकून टाकली. मोटार कधी घेतलीच नाही. त्यामुळे डोंगर निवडण्याचा आमचा नियम सोपा आहे. पायथ्याजवळ बसने जाता आले पाहिजे आणि दिवेलागणीपूर्वी बसनेच परत फिरता आले पाहिजे. या नियमात सह्याद्रीची मोठी शिखरे बसत नाहीत, आणि ती आमच्या गुडघ्यांतही बसत नाहीत. जे उरते ते आम्हांस पुरून उरले आहे.

धारवाडची भूमी या बाबतीत भाग्यवान आहे. मलनाडच्या टेकड्या येथे संपत येतात आणि काळ्या मातीचे सपाट रान येथून सुरू होते. शहराच्या दक्षिणेस कलघटगीच्या रस्त्याला सोमेश्वराचे देऊळ आहे. तेथे शाल्मला उगम पावते, पुढे बेडती होते, त्याहून पुढे गंगावळी होऊन गोकर्णाच्या बाजूस अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडील ओढ्यांचे पाणी मात्र मलप्रभेतून कृष्णेस आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जाते. एकाच पावसाची अशी दोन समुद्रांत वाटणी करणाऱ्या उंचवट्यावर आपण राहतो, हे आम्हांस नोकरीच्या पस्तीस वर्षांत ठाऊक होते. पण ते पायांनी कळले निवृत्तीनंतर. नुग्गीकेरीच्या मारुतीपासून सोमेश्वरापर्यंत आम्ही प्रथम चालत गेलो, तेव्हा पाणी कोणत्या बाजूस धावते ते पाहण्यासाठी सौभाग्यवतीने बाटलीतील घोटभर पाणी चढावर ओतून पाहिले होते. ते जमिनीने तेथल्या तेथे पिऊन टाकले.

थोडा लांबचा पल्ला घ्यावयाचा असेल तर सौंदत्तीची बस. यल्लम्मेच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडील मराठी भाविक पिढ्यान्‌पिढ्या येतात, त्यामुळे त्या गाडीत कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत भांडणे ऐकावयास मिळतात. आम्ही मात्र यात्रेचे दिवस टाळून सौंदत्ती गावातच उतरतो. शिरसंगीच्या देसायांचा किल्ला गावालगत आहे. तो पाहून दक्षिणेस सुमारे दोन मैलांवरील परसगडाची वाट धरावी. तालुक्याला पूर्वी याच गडाचे नाव होते. आता भग्न तटाखेरीज तेथे फारसे काही उरलेले नाही, परंतु वालुकाश्माच्या त्या कड्यावर बसून भाकरी खाण्याचे सुख मोठे आहे.

बेळगावपर्यंत पाऊणशे किलोमीटर जाण्याची तयारी असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड आहे. येळ्ळूर हे मराठी गाव. तेथे पाणी मागताना भाषा बदलावी लागत नाही. खानापुराहून नंदगडमार्गे हलशीस जावे. कदंबांची एके काळची राजधानी असलेल्या या खेड्यात भूवराह-नरसिंहाचे देऊळ पाहून रामतीर्थाच्या टेकडीवर चढावे. ज्या नंदगडावरून बस जाते तेथे २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णास फाशी देण्यात आले. इतिहासाची पाने अशी बसच्या खिडकीतून उलटत जातात. फक्त परतीच्या गाडीची वेळ वाहकास आधी विचारून ठेवावी. थांब्यावर उभे असलेले लोक सांगतात ती वेळ मनाच्या समाधानापुरती असते.

हा छंद आम्हांस लागला तो मात्र येथे नव्हे. त्याचे मूळ इंग्लंडात आहे. २०२३ साली मे ते जुलै असे तीन महिने आम्ही कन्येकडे यॉर्कशायरमधील एका खेड्यात होतो. ती व जावई सकाळी कामावर जात. गावात बस दिवसातून मोजक्याच वेळा येई. त्या वर्षाच्या जानेवारीपासून तेथे एका फेरीचे भाडे दोन पौंडांहून अधिक घ्यावयाचे नाही, असा नियम झाला होता (२०२५ पासून ती मर्यादा तीन पौंडांची झाली). कितीही लांब गेले तरी भाडे तेवढेच, हे कळताच आमच्यातील जुना हिशेबी कारकून जागा झाला. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस नकाशा दिला. त्यावर शेतांतून, कुरणांतून, टेकड्यांवरून जाणाऱ्या हिरव्या तुटक रेषांचे जाळे पसरलेले होते. ते म्हणाले, ज्या रेषेवरून वाटेल तिच्यावरून चाला; कोणी अडवणार नाही.

आमचा विश्वास बसेना. पहिल्याच दिवशी एका रेषेने आम्हांस थेट उभ्या पिकात नेले. कुंपणावर चढून जाण्यास लाकडी पायऱ्या होत्या आणि पिकाच्या मधोमध माणूस जाईल एवढी पट्टी मोकळी होती. समोरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. आम्ही सवयीने ओशाळून उभे राहिलो. त्याने हात वर करून अभिवादन केले आणि तो निघून गेला. पुढे आम्ही चौकशी केली. शेत नांगरताना अशी वाट मोडली तर ती चौदा दिवसांच्या आत पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर १९९० च्या कायद्याने बंधनकारक आहे.

हे सौजन्य त्या देशास उपजत नव्हते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील काही शे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनमालकांची बंदी मोडून चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगात जावे लागले. पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पाऊलवाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा असे ठरले. त्या नकाशावर जी वाट आली ती वाट आहे, याला दुसरा पुरावा लागत नाही. आणि ती वर्षानुवर्षे कोणी चालले नाही एवढ्या कारणाने नाहीशीही होत नाही. नकाशावर न आलेल्या जुन्या वाटा शोधण्याचे कामही तेथे चालू आहे. रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने व नवे नकाशे ताडून अशा सुमारे ४९,००० मैलांच्या वाटा हुडकून काढल्या.

त्या मुक्कामात वेनराइट यांची पुस्तकेही हाती आली. आल्फ्रेड वेनराइट (१९०७–१९९१) हे केंडल या गावाच्या नगरपालिकेत खजिनदार होते, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. त्यांच्याकडे मोटार नव्हती. आठवडाभर जमाखर्च सांभाळावा आणि सुटीच्या दिवशी बसने जाऊन डोंगर चढावा, असे करीत त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ डोंगरांची माहिती १९५५ ते १९६६ या काळात सात खंडांत स्वहस्ते लिहून व रेखाटून प्रसिद्ध केली. एका सरकारी छापाच्या माणसाने एवढे करून ठेवावे याचा आम्हांस अभिमान वाटला. त्याबरोबर एक जुनी गोष्ट मनात हलली. ती आज या पृष्ठांवर सांगावयाची आहे.

तुटक रेषा आपल्याकडेही आहेत. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुराहून आरंभ केलेली मोजणीची पद्धत पुढे आपल्या भागातही आली. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणून तर हिस्सा, पोटखराब, वहिवाट हे शब्द येथील कन्नड दप्तरातही मराठी दप्तराप्रमाणेच नांदतात. गावाच्या नकाशावर दोन समांतर तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एक तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. त्या रेषा आम्ही हजारो वेळा पाहिल्या असतील. त्यांवरून चाललो मात्र फार थोडे.

१९९९ साली आम्ही एका तालुक्यात तहसीलदार होतो. तालुक्याचे नाव सांगत नाही. बसच्या रस्त्यालगतची सहा एकर जमीन बिनशेती करून तेथे घरांचे भूखंड पाडावयाचे होते. तसे प्रकरण आमच्यापुढे आले. नकाशावर त्या सर्व्हे नंबरातून एक तुटक रेषा रस्त्यापासून निघून मागील डोंगरावरील देवळापर्यंत गेलेली होती. खालून आलेल्या अहवालात म्हटले होते की जागेवर वाट नाही, पीक उभे आहे. आता खेड्यात वाढलेल्या कोणासही ठाऊक असते की अशा वाटा पेरणीत मोडतात आणि सुगीनंतर पुन्हा पडतात. आम्हांसही ते ठाऊक होते. पटका बांधलेला एक मध्यमवयीन शेतकरी हरकत घेऊन आला. गावातील बायका दर सोमवारी याच वाटेने देवाला जातात, त्यांत आपली आई आहे, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्यास आठ दिवसांनी पुरावा घेऊन यावयास सांगितले. दिवस पेरणीचे होते. तो आला नाही.

आम्ही लिहिले : ‘नकाशात दर्शविलेली वाट प्रत्यक्षात अस्तित्वात असल्याचे दिसून येत नाही. हरकतदार अनुपस्थित.’ खाली सही केली. या लेखातील ‘आम्ही’ बहुतेक ठिकाणी उभयतांचे आहे. हे मात्र एकट्याचे. ती जागा कचेरीपासून सात किलोमीटरवर होती आणि जीप दारात उभी होती. आम्ही गेलो नाही. कोणाचा एक पैसाही आम्ही घेतला नव्हता, आणि कदाचित त्यामुळेच इतकी वर्षे त्या सहीची टोचणी लागली नाही. पैसा न घेतलेल्या माणसास आपले सारे निर्णय स्वच्छच वाटतात.

इंग्लंडहून परतलो तो येथे ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झालेली. राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास. सौभाग्यवतीच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट येऊ लागले आणि आमच्या हाती पैसे मोजून घेतलेले. साहजिकच डोंगर निवडण्याचा अधिकार हळूहळू तिच्याकडे गेला. त्या वर्षीच्या कार्तिकात तिने एक नवा डोंगर सुचविला. शेजारणीने त्याच्यावरच्या देवळाची वाखाणणी केली होती. नाव ऐकताच आम्ही ओळखले. दुसरा एखादा डोंगर सुचवून पाहिला. पण ती बधली नाही.

वाहकाने थांब्यावर उतरवताना विचारले, येथे कोणाकडे? डोंगरावर, असे सांगताच तो म्हणाला, पूर्वी सोमवारी येथे निम्मी गाडी रिकामी होत असे. आता कोणी उतरत नाही, म्हणून ही फेरी बाह्यवळणाने नेण्याचे घाटत आहे. गाडी गेली. समोर उंच भिंत होती, भिंतीत लोखंडी दरवाजा, दरवाज्याशी पहारेकरी. भिंतीच्या वरून डोंगर स्पष्ट दिसत होता. चालत वीस मिनिटांचे काम. पहारेकऱ्याने नम्रपणे सांगितले की आतून रस्ता नाही, डांबरी रस्त्याने वळसा घालून जावे. तो वळसा तीन किलोमीटरांचा निघाला.

निम्म्या वाटेवर एक वृद्धा रस्त्याच्या कडेला दगडावर टेकलेली दिसली. जवळ फुलांची परडी. सौभाग्यवतीने तिला पाणी दिले व कन्नडमध्ये विचारले, ‘अज्जी, इतक्या उन्हातून रस्त्याने का?’ ती म्हणाली, ‘यव्वा, माझ्या सासूच्या सासूपासून आम्ही शेतातून जात होतो. कोणा साहेबाने लिहून दिले की इकडून कोणी जातच नाही. मग भिंत आली.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता; पाऊस लांबला हे सांगावे तसे तिने सांगितले. ती त्या पटकेवाल्याची कोणी होती की नाही हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, हे अधिक खरे.

तिच्या चालीने चालत आम्ही देवळापर्यंत गेलो. परतीच्या बससाठी थांब्यावर दीड तास बसावे लागले. तेथे आम्ही सौभाग्यवतीस सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, ‘अहो, सात किलोमीटर तर होते. जीप नको होती तर बस होती की.’ नंतर घर येईपर्यंत ती बोलली नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच कचेरीत सामान्य अर्जदार म्हणून रांगेत उभे राहिलो. गाव नकाशाची प्रमाणित नक्कल काढली. ती रेषा अजून तशीच आहे. भिंत बांधणाऱ्याने नकाशा पुसलेला नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने वाटेचा हक्क सिद्ध होतो आणि वीस वर्षे वापर थांबला तर तो संपूही शकतो. १९९९ पासून वीस वर्षे केव्हाच उलटली होती. परंतु सरकारी नकाशावरची सार्वजनिक वाट ही एका शेतकऱ्याच्या खासगी हक्काहून निराळी गोष्ट आहे, या मुद्द्यावर आम्ही अर्ज लिहिला. जुन्या अहवालावरील सही आमची असून स्थळपाहणी न करता तो अहवाल दिला होता, हेही त्यात नमूद केले. भूखंडांच्या कडेने आठ फुटांची पट्टी मोकळी करून द्यावी, एवढीच मागणी. गावातील एकतीस जणांनी सह्या व अंगठे दिले. अर्ज स्वीकारणारा तरुण लिपिक सभ्य होता. कागद चाळून त्याने विचारले, ‘सर, वहिवाटीचा काही पुरावा आहे का?’ प्रश्न अगदी नियमास धरून होता. आम्हीच तो पूर्वी विचारला होता.

प्रकरण अद्याप चालू आहे. कदाचित पट्टी मिळेल, कदाचित मिळणार नाही. भूखंड घेणाऱ्यांनी रीतसर पैसे मोजून घरे बांधली आहेत, त्यांचाही यात दोष नाही. भिंतीवरून चढून जाण्याचा विचार आम्ही करीत नाही. त्याला वयही साथ देणार नाही. एक गोष्ट मात्र आमच्या हातची आहे. महिन्यातील एका सोमवारी आम्ही त्या थांब्यावर उतरतो, वळशाने डोंगरावर जाऊन येतो आणि वहीत तारीख, वेळ व बरोबर आलेल्यांची संख्या लिहून ठेवतो. गेल्या वर्षभरात गावातील काही बायकाही पुन्हा बसने येऊ लागल्या आहेत. शून्याचे तिकीट असल्याने त्यांना जमते. फेरी अजून बाह्यवळणाने गेलेली नाही.

वाचकांस विनंती एवढीच. आपल्या गावचा नकाशा एकदा काढून पाहावा. त्यावर एखादी तुटक रेषा टेकडीकडे जात असेल, तर एखाद्या सुटीच्या दिवशी बसने जाऊन तिच्यावरून चालून यावे. वाट मोकळी असेल तर आनंद आहे. अडविलेली असेल तर निदान कोणी तरी येथून जात होते, हे सांगावयास एक माणूस वाढेल. कचेरीत बसलेल्या आमच्यासारख्या एखाद्यास तेवढेच हवे असते. तो स्वतः जाऊन पाहीलच, याचा भरवसा धरू नये.

असो. उद्या सोमवार आहे. भाकऱ्या झाल्या आहेत, आणि आठ दहाची गाडी हल्ली वेळेवर येते.